कुटुंबासाठी पहिली कयाक घ्यायची तर कोणती? देवरीच्या तलावांवरून समजून घ्या

गोंदिया आणि भंडारा म्हणजे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव, गावागावातल्या बोड्या, माजी मालगुजारी म्हणजे 'मामा' तलाव आणि त्यात भर घालणारे सिरपूर, इटियाडोह यांसारखे मोठे जलाशय. नागपूर-रायपूर महामार्गावरच्या देवरीतून कुठल्याही दिशेने निघा, थोड्या वेळात पाणी दिसतंच.

आता या पाण्याकडे बघण्याची नजर बदलतेय. गोव्याच्या खाडीतले, तारकर्लीचे, पवना धरणाचे कयाकिंगचे व्हिडिओ मुलांच्या मोबाईलवर येतात. ऑनलाईन दुकानात दोन माणसांची फुगवायची कयाक एका क्लिकवर मिळते. मग घरात प्रश्न निघतो, "आपल्याकडे एवढं पाणी आहे, तर आपणही एक घेऊया का?"

घ्यायला हरकत काहीच नाही. अडचण अशी की पहिली कयाक बहुतेक वेळा रंग, किंमत आणि फोटो बघून घेतली जाते. ती कोणत्या पाण्यात चालेल, किती वजन पेलेल, उलटली तर काय होईल आणि गाडीवर कशी जाईल, हे प्रश्न नंतर सुचतात. ते आधी कसे विचारायचे, हे एकेक करून बघूया.

कयाक आणि कनू यांत फरक काय?

दोन्ही वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या बोटी. फरक बसण्यात आणि वल्ह्यात आहे.

कयाकमध्ये माणूस पाय समोर पसरून, जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात, त्यामुळे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं सलग वल्हवता येतं. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी शिकारीसाठी लाकूड, हाडं आणि कातडी वापरून या बोटी बनवल्या.

कनू ही वरून उघडी बोट. तिच्यात माणूस उंच फळीवर किंवा गुडघ्यांवर बसतो. वल्ह्याला एकाच टोकाला पातं असतं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भूर्जाच्या सालीच्या कनू प्रसिद्ध आहेत.

खरं तर कनूचा चुलतभाऊ आपल्या ओळखीचा आहे. ढिवर बांधव तलावात जाळं टाकायला किंवा शिंगाडे काढायला जो डोंगा वापरतात, तो वरून उघडा, लांबट आणि एकाच वल्ह्याने किंवा बांबूने हाकायचा. तत्त्व तेच. फरक इतकाच की डोंगा चालवणाऱ्याचा तोल लहानपणापासून पाण्यावर घडलेला असतो. शहरातून किंवा गावातून सुटीच्या दिवशी पाण्यावर जाणाऱ्या कुटुंबाकडे तो तोल नसतो. त्यामुळे त्यांची बोट जास्त रुंद, जास्त स्थिर आणि चुका माफ करणारी असावी लागते.

बोटीआधी पाणी निवडा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "बजेट किती?" पण पहिला प्रश्न असायला हवा, "चालवणार कुठे?"

कोलाडच्या कुंडलिका नदीचं उदाहरण घ्या. तिथे भिरा जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग आणि कयाकिंग चालतं. त्या उसळत्या पाण्यासाठीची कयाक आखूड आणि बुडाला वक्र असते, म्हणजे ती झटकन वळते. तीच कयाक तलावात आणली तर सरळ रेषेत जायला तयार होत नाही, प्रत्येक वल्ह्यागणिक नाक फिरवते. उलट समुद्रासाठीची कयाक लांब आणि निमुळती असते. ती वेगात जाते, पण नवख्याला डगमगती वाटते.

देवरी परिसरातलं पाणी मुख्यतः दोन प्रकारचं आहे. एक, स्थिर पाण्याचे तलाव आणि जलाशय. दोन, बाघ नदीसारखे प्रवाह, जे पावसाळ्यात भरून वाहतात आणि उन्हाळ्यात आटतात. कुटुंबासाठी योग्य ते पहिलं. नदी टाळलेली बरी, आणि धरणाच्या खालच्या बाजूला तर जाऊच नये. सिरपूरसारख्या धरणाचे दरवाजे उघडले की खालची पातळी झपाट्याने वाढते.

स्थिर पाणी म्हणजे निर्धोक पाणी, असं मात्र नाही. जलाशयात बुडालेल्या झाडांचे खुंट असतात. पाणी उतरलं की ते पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात आणि फुगवायच्या बोटीला फाडू शकतात. मामा तलावांत कमळ, शिंगाड्याचे वेल आणि काठाला बेशरमाची झुडपं असतात, वल्हं त्यात अडकतं. मासेमारीची जाळी तर अनेक ठिकाणी पसरलेली असते.

कोणाला विचारायचं?

तलाव उघडा दिसतो म्हणून तो कोणाचाच नाही, असं नसतं. मालगुजारी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. साधारणपणे छोटे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे असतात. बऱ्याच तलावांत मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो.

म्हणून बोट घेण्याआधीच ज्या तलावावर जायचं आहे त्या शाखा कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि मच्छीमार संस्थेत विचारून घ्या. परवानगीचा प्रश्न तर सुटतोच, पण त्याहून मोठा फायदा दुसरा आहे. खुंट कुठे आहेत, गाळ कुठे आहे, जाळी कोणत्या बाजूला लावतात आणि सांडवा कुठे आहे, हे रोज पाण्यावर असणाऱ्या माणसाइतकं कोणत्याच नकाशाला माहीत नसतं.

नवेगावबांध हा जिल्ह्यातला सगळ्यात ओळखीचा तलाव. पण तो परिसर नवेगाव राष्ट्रीय उद्यानाशी जोडलेला आहे आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित क्षेत्रात जाण्यावर निर्बंध असतात. तिथे आपली बोट थेट पाण्यात टाकता येईल असं गृहीत धरू नका, आधी वन विभागाला विचारा. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरलेले असतात, तेव्हा कोणत्याही तलावावर थव्यांपासून लांब राहणं हा साधा शिष्टाचार आहे.

बोटीचे चार प्रकार, आणि कोणता कोणासाठी

१. वर बसायची कयाक (सिट-ऑन-टॉप). ही बंद डब्यासारखी, पोकळ प्लॅस्टिकची असते आणि माणूस तिच्या वरच्या खाचेत बसतो. तळाला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी त्यातून आपोआप निघून जातं. उलटली तरी पाण्याने भरत नाही. सरळ करून पुन्हा चढता येतं. दोन माणसांची कयाक साधारण १२ ते १४ फूट लांब आणि ३० किलोच्या आसपास असते. तोटा एकच, कपडे ओले होणारच. विदर्भात ही तक्रार कोणी करणार नाही.

२. आत बसायची कयाक (सिट-इनसाइड). पाय बोटीच्या आत जातात. थंडीत आणि लाटांत ही चांगली. पण उलटली की आत शंभर लिटरपेक्षा जास्त पाणी शिरू शकतं. म्हणजे शंभर किलोपेक्षा जास्त ओझं. खोल पाण्यात ती रिकामी करून पुन्हा चढणं हे शिकून घ्यायचं कौशल्य आहे. लहान मुलं सोबत असतील तर पहिली बोट म्हणून ही नको.

३. फुगवायची कयाक. पीव्हीसीची असते, पिशवीत मावते, साधारण १२ ते १८ किलोची. फ्लॅटमध्ये किंवा छोट्या घरात राहणाऱ्यांसाठी आणि गाडीवर कॅरियर नसलेल्यांसाठी सोयीची. वाऱ्यात भरकटते, फुगवायला आणि वाळवायला वेळ लागतो, आणि खुंट-काट्यांची भीती कायम.

४. उघडी कनू. १५ ते १७ फूट लांब, भरपूर जागा. आई-बाबा दोन टोकांना, मुलं मधे, सोबत डबा आणि पाणी. कुटुंबासाठी कल्पना म्हणून ही सर्वात सुंदर. पण भारतात सहज मिळत नाही, वाहतूक अवघड आणि वाऱ्यात हाताळायला सराव हवा. उलटली की हीसुद्धा पाण्याने भरते.

थोडक्यात, तलावावर, मुलांसोबत, पहिल्यांदाच बोट घेणाऱ्यांसाठी पहिला पर्याय वर बसायची कडक कयाक. ठेवायला जागा नसेल तर चांगल्या दर्जाची फुगवायची कयाक.

'क्षमता १८० किलो' म्हणजे नेमकं किती?

खरेदीत सगळ्यात मोठी फसगत इथे होते. बोटीवर लिहिलेली कमाल क्षमता म्हणजे ज्याच्या पुढे जायचंच नाही असा आकडा. आरामात चालवता येईल असं वजन त्याहून बरंच कमी असतं. कमाल वजनाला बोट खोल बसते, कडेवरून पाणी येतं, वळत नाही आणि थोड्याशा हालचालीने कलंडते. म्हणून साधा नियम असा की लिहिलेल्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतच वजन ठेवा.

आता हिशोब करूया. समजा घरात बाबा ७२ किलो, आई ६० किलो, मुलगी २८ किलो आणि मुलगा २० किलो. बेरीज १८० किलो. लाईफ जॅकेट, पाणी, डबा, पंप मिळून आणखी १० किलो धरा. झाले १९० किलो.

बाजारात सहज मिळणाऱ्या इंटेक्स एक्सप्लोरर के-२ सारख्या फुगवायच्या कयाकची कमाल क्षमता १८० किलो आहे. म्हणजे चौघं बसले तर सामान धरून कमाल मर्यादाच ओलांडली. ७० टक्के धरले तर आरामाची मर्यादा १२६ किलो. बाबा, मुलगी आणि सामान मिळून ११० किलो, हे बसतं. आई, मुलगा आणि सामान मिळून ९० किलो, हेही बसतं. आई आणि बाबा मिळून १३२ किलो, म्हणजे सामान न घेताही थोडं जास्तच.

याचा अर्थ ती बोट वाईट आहे असा नाही. ती एक मोठा माणूस आणि एक मूल यांची बोट आहे, चौघांची नाही. चौघांना एकाच वेळी पाण्यावर जायचं असेल तर दोन कयाक घ्या. दोन्हींत एकेक मोठा माणूस आणि एकेक मूल. शिवाय एक बोट उलटली तर मदतीला दुसरी जवळ असते.

आणखी एक गोष्ट. क्षमतेसोबत 'किती माणसं' हा आकडाही लिहिलेला असतो. दोघांच्या बोटीत वजन कमी भरतंय म्हणून तिसऱ्याला बसवू नका. तिसऱ्याला धड जागा नसली की तो कडेला सरकतो, आणि कडेला सरकलेलं वजन बोट उलटवतं.

लांबी, रुंदी आणि बूड

लांब बोट सरळ आणि वेगात जाते. आखूड बोट लवकर वळते. रुंद बोट स्थिर असते, पण संथ. कुटुंबाच्या कयाकसाठी ७५ ते ९० सेंटीमीटर रुंदी योग्य. त्याहून अरुंद असेल तर मुलांच्या चुळबुळीने डगमगेल. फार रुंद असेल तर बुटक्या माणसाला वल्हं पाण्यापर्यंत नेताना बोटीच्या कडेवर हात आपटत राहतो.

बुडाखाली शेपटीसारखं एक पातं असतं, त्याला स्केग म्हणतात. फुगवायच्या कयाकला ते हवंच, नाहीतर ती गोल गोल फिरते. मात्र उथळ तलावात हे पातं गाळात रुततं, म्हणून काढता-घालता येणारं घ्या.

फुगवायच्या कयाकमध्ये तळ नीट बघा. साधा, गादीसारखा फुगणारा तळ मधे वाकतो आणि बोट केळ्यासारखी होते. 'ड्रॉप-स्टिच' प्रकारच्या तळात वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी जोडलेला असतो. त्यात जास्त दाबाने हवा भरता येते आणि तो फळीसारखा कडक होतो. किंमत जास्त, पण वल्हवायला खूप फरक पडतो. हवेचे कप्पे किमान तीन वेगवेगळे असावेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात.

विदर्भाचं ऊन आणि फुगवलेली बोट

हा मुद्दा परदेशी माहितीपत्रकांत क्वचितच ठळक असतो, पण गोंदियात महत्त्वाचा आहे.

बंद कप्प्यातली हवा तापली की दाब वाढतो. समजा सकाळी २५ अंशांना बोट फुगवली आणि काठावर उन्हात ठेवली. आतली हवा ४५ अंशांवर गेली तर तिचा एकूण दाब सुमारे ७ टक्क्यांनी वाढू पाहतो. ७ टक्के कमी वाटतील. पण साध्या कयाकमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा जास्त भरलेला दाबच मुळात तेवढा, म्हणजे वातावरणाच्या ७ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे शिवणींवर पडणारा ताण दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. कापड ताणलं जातं म्हणून प्रत्यक्षात वाढ थोडी कमी असते, पण जोड उघडायला तेवढी पुरते.

उपाय सोपे आहेत. बोट सावलीत फुगवा. फुगवली की काठावर ठेवून जेवायला बसू नका. ठेवावीच लागली तर थोडी हवा सोडा. आणि उलटंही लक्षात ठेवा, गार पाण्यात टाकल्यावर हवा आकसते आणि बोट मऊ पडते. म्हणून दहा मिनिटं काठाजवळ तरंगू द्या, दाब पुन्हा बघा आणि मगच निघा.

कडक प्लॅस्टिकच्या बोटीलाही ऊन सोसत नाही. पॉलिथिलीन कडक उन्हात मऊ होतं. छतावर पट्ट्याने करकचून बांधून गाडी दुपारभर उन्हात उभी केली तर बुडाला खड्डा पडतो. वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. गोठ्यात किंवा पडवीत, सावलीत, आडवी टांगून ठेवणं सर्वात चांगलं.

बजेटमधला पहिला खर्च बोटीचा नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोकांचा बुडून मृत्यू झाला. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात बुडून मेलेल्यांची संख्या ३८ हजारांहून जास्त आहे.

यातल्या काही घटना आपल्या आठवणीतल्या आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. तोही स्थिर पाण्याचा, शहरातला तलाव होता.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२३ च्या अहवालात मनोरंजनासाठी बोटीवर गेलेल्या आणि बुडून मेलेल्या लोकांपैकी ८७ टक्के लोकांनी लाईफ जॅकेट घातलेलं नव्हतं, असं दिसलं.

म्हणून खर्चाची यादी करताना पहिली ओळ लाईफ जॅकेटची. घरातल्या प्रत्येकासाठी स्वतंत्र आणि प्रत्येकाच्या मापाचं. पोहता येणाऱ्यासाठीही.

- लेबलवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल अशा ठिकाणासाठी. पोहता न येणारे आणि मुलं यांच्यासाठी १०० न्यूटनचं जॅकेट घ्या.
- मुलांसाठी वजनानुसार माप बघा. 'वाढत्या अंगाचं' म्हणून मोठं घेऊ नका. दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं की जॅकेट कानापर्यंत सरकत असेल तर ते मोठं आहे.
- लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. नाहीतर पाण्यात मूल खालून निसटतं.
- दंडाला लावायचे फुगे, टायरची ट्यूब किंवा रिकामे डबे हे जॅकेटला पर्याय नाहीत.
- जॅकेट बोटीत ठेवायची वस्तू नाही. काठावरच घालायचं आणि काठावर परतल्यावरच काढायचं. बोट उलटल्यावर पाण्यात जॅकेट घालणं सरावलेल्या माणसालाही अवघड जातं.

बजेटमध्ये बोट आणि जॅकेट दोन्ही बसत नसतील तर बोट पुढच्या वर्षी घ्या.

वल्हं, पंप आणि शिट्टी

दुसरा खर्च वल्ह्याचा. बोटीसोबत फुकट मिळणारं वल्हं बहुतेक वेळा जड किंवा आखूड असतं. तासाभरात माणूस हजाराहून अधिक वेळा वल्हं उचलतो, त्यामुळे दोन-तीनशे ग्रॅमचा फरकही खांद्याला कळतो. रुंद कयाकसाठी मोठ्यांना २२० ते २४० सेंटीमीटरचं वल्हं लागतं. मुलांना त्यांच्या उंचीप्रमाणे आखूड आणि हलकं द्या. मोठं वल्हं दिलं तर मूल दोन मिनिटांत कंटाळतं.

याशिवाय प्रत्येक जॅकेटला एक शिट्टी, मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, १५ मीटर तरंगता दोर, टोपी आणि भरपूर पिण्याचं पाणी. फुगवायची बोट असेल तर पंप आणि ठिगळाचं सामान सोबतच.

घरी नेणार कशी, ठेवणार कुठे?

३० किलोची, १३ फुटांची बोट दोन माणसांनी उचलता येते. पण ती चारचाकीच्या छतावर कॅरियरशिवाय बांधू नये. ग्रामीण भागात पिकअप हा सोपा मार्ग, पण मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड बांधा आणि पुढचं-मागचं दोन्ही टोक दोराने ताणून घ्या. महामार्गावर ट्रकच्या वाऱ्याने बोट उचलली जाते.

दुचाकीवर जाणाऱ्यांसाठी फुगवायची कयाक हाच पर्याय उरतो. पण मग तलावाची पाळ चढून, पिशवी, पंप आणि जॅकेटं घेऊन किती चालायचं आहे, हे एकदा रिकाम्या हाताने चालून बघा. काठापर्यंत नेणं जितकं कटकटीचं, तितकी बोट कमी वेळा बाहेर निघते.

परत आल्यावर फुगवायची बोट पूर्ण वाळवूनच घडी करा. ओली ठेवली तर बुरशी येते. घडीत खाऊ राहिला तर उंदीर येतात, आणि उंदराने कुरतडलेल्या घडीला एका भोकाऐवजी सात-आठ भोकं पडतात.

घेण्याआधी एकदा बसून बघा

तारकर्ली, गोवा, पवना अशा ठिकाणी कयाक भाड्याने मिळते. पुण्यात सीओईपीच्या बोट क्लबला तर १९२८ पासूनची परंपरा आहे आणि तिथले विद्यार्थी आजही नदीच्या पाण्यावर वल्हवतात. सुटीत कुठेही गेलात तर तासभर भाड्याने घेऊन बसा. पाठ दुखते का, मूल घाबरतं का, दोघांचं वल्हं एका लयीत पडतं का, हे तासाभरात कळतं. अनेक जोडप्यांचा उत्साह पहिल्या पंधरा मिनिटांतल्या "तू उजवीकडे मार ना!" वर संपतो. तो भाड्याच्या बोटीत संपलेला परवडतो.

पहिल्या दिवसाचे नियम

देवरी परिसरात बोटीसाठी चांगला काळ म्हणजे पावसाळा संपल्यानंतरचा, साधारण ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. तलाव भरलेले असतात आणि ऊन सुसह्य असतं. पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या वादळी दुपारी पाण्यावर जाऊ नये. ढग गडगडले की लगेच काठ गाठा, उघड्या पाण्यावर वीज पडायला सर्वात उंच वस्तू तुम्हीच असता.

सकाळी लवकर जा, तेव्हा वारा कमी असतो. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा, म्हणजे दमून परतताना वारा घरी ढकलतो. उलटं केलं तर येताना हात गळून जातात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे फुगवायच्या हलक्या बोटीला सर्वात आधी जाणवतं.

पहिले काही दिवस काठापासून तितकंच लांब जा, जितकं अंतर जॅकेट घालून, मुलाला ओढत पोहून येता येईल. काठावर एक मोठा माणूस थांबलेला असावा आणि तुम्ही कधी परतणार हे त्याला माहीत असावं.

आणि सर्वात महत्त्वाचं, पहिल्याच दिवशी छातीएवढ्या पाण्यात बोट मुद्दाम उलटवा. सगळ्यांनी जॅकेट घालून. बोट सरळ करा, बाजूने पाय मारत पोटावर आडवे पडा, मग वळून बसा, मग पाय आत घ्या. मुलांनाही करू द्या. एकदा हसत-खेळत उलटून झालं की पाण्याची धास्ती जाते आणि खरोखर उलटली तेव्हा काय करायचं हे अंगात भिनलेलं असतं. खोल पाण्यात एकच नियम, बोट सोडून काठाकडे पोहत जायचं नाही. बोट तरंगते, लांबून दिसते, तिलाच धरून राहायचं.

मग शेवटी कोणती घ्यायची?

घरी पडवी किंवा शेड आहे, पिकअप मिळतं आणि वर्षातून वीस-पंचवीस वेळा जाल असं वाटतं, तर दोन माणसांची वर बसायची कडक कयाक घ्या. जागा कमी आहे, दुचाकी किंवा छोटी गाडी आहे, तलावात खुंट कमी आहेत, तर चांगल्या तळाची, तीन कप्प्यांची फुगवायची कयाक. चौघांना एकत्र जायचं असेल तर एक मोठी शोधण्यापेक्षा दोन छोट्या. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी जॅकेटं आणि मुलांचे पोहण्याचे धडे.

आणि बोट येण्याआधी एकदा तलावावर चक्कर मारा. ढिवर दादांशी बोला, जमलं तर डोंग्याच्या कडेला उभं राहून त्यांचं वल्हं बघा. वल्हं पाण्यात किती हलकेच उतरतं आणि माणूस किती कमी हलतो, हे तिथे फुकटात शिकायला मिळतं.